म्हशीच्या दुधाला गाईचा भाव

"बाई, ह्या फ्लॉपीत प्रोग्राम सोडून आणखी काय काय हाय?"

आण्णासाहेब मगदूम माझी फ्लॉपी दोन बोटांच्या चिमटीत, मेलेलं झुरळ उचलावं तशी धरून बसले होते. केबिनचं दार त्यांनी मुद्दाम उघडं ठेवलं होतं. बाहेर सोल्डरिंग करणाऱ्या बायकांचे हात थांबले होते आणि कान केबिनकडे लागले होते.

"आणखी काय असणार आण्णा? भावाच्या तक्त्यांची फाईल आणि दुधाचा प्रकार निवडायची फाईल. मिश्र दुधाचा नवा प्रकार घालायचा होता, तेवढाच बदल केला."

"तेवढाच?" त्यांनी फ्लॉपी टेबलावर टाकली. "नदीकाठच्या दूध संस्थेत काल आपलं यंत्र बसवलं. सकाळी म्हशीवाले दूध घेऊन आले. यंत्रानं चिठ्ठी काढली, म्हशीच्या दुधाला गाईचा भाव. एकाला न्हाई, दोघांना न्हाई, सगळ्यांना! लोकांनी यंत्र उचलून टेम्पोत घातलं आणि माझ्या दारात आणून टाकलं. वरनं म्हणत्यात, मगदूम गवळ्यांच्या पोटावर पाय देतोय."

"पण माझ्या टेबलावर बरोबर चालतं. तुम्ही स्वतः बघितलंत."

"तेच तर!" आण्णा एकदम पुढे वाकले. "तुमच्या टेबलावर बरोबर आणि प्रसन्नच्या टेबलावर चूक. फाईल तुमची, हात त्याचा. हे कसं होतंय?"

ते मला खरंच माहीत नव्हतं, आणि माहीत नसणं हा आण्णांच्या लेखी गुन्ह्याचा कबुलीजबाब होता.

"तुमचे दीर माधवनगरला पाटण्यांच्या कंपनीत हायत न्हवं?" त्यांनी हळूच विचारलं.

आता कळलं, दार उघडं का ठेवलं होतं ते. पाटणेही आमच्यासारखीच, दूध तपासून भावाची चिठ्ठी काढणारी यंत्रं बनवायचे. आमच्या आण्णांचं आणि त्यांचं साप-मुंगसाचं नातं होतं.

"आहेत. तिथे जोडणी विभागात आहेत. त्यांचा प्रोग्रामशी काही संबंध नाही."

"मी कुठं म्हटलं संबंध हाय? खाई त्याला खवखवे." आण्णा मागे टेकले. "शनिवारी दूध संघाची माणसं यंत्र बघायला येणार. तोवर हे नीट न्हाई झालं, तर तुमी राजीनामा द्यायचा. आणि का दिला, ते मी जयसिंगपूरपासून सांगलीपर्यंत सगळ्यांना सांगणार. बास."

तो बुधवार होता. आज या गोष्टीला तीसेक वर्षं होऊन गेली, तरी ते 'बास' माझ्या कानात जसंच्या तसं आहे. नोकरी गेली असती तर दुसरी शोधली असती. पण आमच्या भागात यंत्रं बनवणारे चार लोक, सगळे एकमेकांना ओळखणारे. चोर असा शिक्का बसलेल्या बाईला कोणी दारात उभं केलं नसतं.

आण्णा वाईट माणूस नव्हते. शून्यातून वर आलेले होते, आणि वर येता येता दोनदा भागीदारांनी त्यांना बुडवलं होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसे ते सगळंच फुंकून प्यायचे. कारखान्यातल्या फोनला कुलूप होतं. चहाच्या साखरेच्या डब्यात ते साखर सपाट करून वर बोटानं खूण काढून ठेवायचे. आणि घड्याळं! कारखान्यातली यच्चयावत घड्याळं वीस मिनिटं पुढे. कामगार कधीच वेळेवर येत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. त्यामुळे सकाळी हजेरी भिंतीवरच्या घड्याळानं लागायची. संध्याकाळी सुटायची वेळ झाली की मात्र त्यांना भिंतीवरचं पटायचं नाही, तेव्हा ते मनगटावरचं बघायचे. आम्ही त्याला 'आण्णांची वेळ' म्हणायचो आणि मनातल्या मनात वीस मिनिटं वजा करून आपापली कामं करायचो. सवयीनं ती वजाबाकी आपोआप व्हायची.

प्रोग्रामचं काम आम्ही दोघं बघायचो, मी आणि प्रसन्न हेर्लेकर. प्रसन्न माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान, हुशार, आणि आपण हुशार आहोत याची दर तासाला आठवण करून देणारा. आमचा प्रोग्राम सी भाषेत लिहिलेला, बऱ्याच फाईलींत विभागलेला. मी माझ्या संगणकावर फाईली लिहायची, फ्लॉपीवर घालून प्रसन्नला द्यायची, आणि यंत्रात घालायचा शेवटचा प्रोग्राम त्याच्या संगणकावर तयार व्हायचा. सगळ्या फाईली पहिल्यापासून कंपाइल करायच्या, म्हणजे यंत्राला कळणाऱ्या रूपात आणायच्या, तर त्या काळच्या संगणकावर अर्धा दिवस जायचा. म्हणून प्रसन्ननं 'मेक' बसवलं होतं. कुठली फाईल बदलली आहे ते मेक आपलं आपण ओळखायचं आणि तेवढीच नव्यानं कंपाइल करायचं. पोळ्या सकाळच्या शिल्लक असल्या की बाई नुसती भाजी टाकते, तसं. प्रसन्नला त्याचा कोण अभिमान!

"मॅडम, मेक आहे तोवर चिंता नाही," तो म्हणायचा. "माणूस विसरेल, मेक विसरणार नाही."

आणि तरीही गेले काही आठवडे माझ्या दुरुस्त्या कधी लागू व्हायच्या, कधी नाही. मी म्हणायची, चूक सुधारली. प्रसन्न म्हणायचा, सुधारलेली दिसत नाही. फाईल उघडून बघितली की सुधारणा समोर हजर. यंत्र मात्र जुन्याच चालीनं चालायचं. आधी आम्ही हसायचो. मग हसणं थांबलं. बुधवारी आण्णांच्या केबिनमधून बाहेर आले तेव्हा प्रसन्ननं माझ्याकडे बघितलं आणि लगेच पडद्याकडे तोंड फिरवलं. आण्णांच्या डोक्यात पाटण्यांचं नाव कोणी घातलं, हे मला त्या क्षणी कळलं. निदान कळलं असं वाटलं.

संध्याकाळी मिरजेला घरी पोचले. यजमान तेव्हा बदलीवर सोलापूरला होते. घरात सासूबाई आणि धाकटे दीर, महालिंग भाऊजी. भाऊजींना पाटण्यांकडची नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. त्याआधी ते बराच काळ घरी बसून होते. नोकरी लागल्यावर घरात लग्नाची बोलणी सुरू झाली होती. सोमवारी तासगावची माणसं मुलगी घेऊन येणार होती.

"वहिनी, तोंड का उतरलंय?" ताटावर बसता बसता भाऊजींनी विचारलं.

मी सांगायला नको होतं असं पुढे पुष्कळदा वाटलं. पण दिवसभर कोंडून ठेवलेलं होतं, बाहेर पडलं. फ्लॉपी, म्हशी, शनिवार, सगळं. पाटण्यांचं नाव आलं तसा भाऊजींनी घास ताटात परत ठेवला.

"म्हणजे मी तिथं आहे म्हणून तुमच्यावर आळ?"

"आण्णांना निमित्त लागतं हो. तुम्ही नसता तर माझा मावसभाऊ निघाला असता."

"मी तुमच्या फ्लॉपीला कधी हातही लावलेला नाही, वहिनी."

"मी कुठं म्हणते लावलात?"

"म्हणत नाही. पण सांगून ठेवतो."

"जेव रे," सासूबाई म्हणाल्या. "लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?"

सकाळी निघताना बघते, तर माझी ऑफिसची पिशवी नेहमीच्या खुंटीवर नाही. वरच्या फळीवर ठेवलेली. मी भाऊजींकडे बघितलं. नुसतं बघितलं.

"उंदरं झालीत म्हणून वर ठेवली," ते म्हणाले. त्यांची मान खाली गेली होती.

मला माझाच राग आला. संशय हा सर्दीसारखा असतो, आण्णांची मला लागली होती.

गुरुवारी मी ठरवूनच गेले. प्रसन्नच्या शेजारी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "डीबगर लाव. आपण निवडीची फाईल ओळीओळीनं चालवून बघू."

"बघू की. मला काय लपवायचंय?"

"मलाही नाही."

डीबगर म्हणजे प्रोग्रामला हाताला धरून, एकेक ओळ थांबवत चालवायची सोय. जी ओळ चालू असेल तिच्यासमोर पडद्यावर बाण येतो. यंत्रात घालण्याआधी प्रोग्राम संगणकावर असा चालवून बघता यायचा. प्रसन्ननं प्रकार निवडला, म्हैस, आणि कळ दाबली. बाण एक ओळ खाली सरकला. पुन्हा कळ. पुन्हा एक ओळ.

"आता इथे 'तिसरा तक्ता' अशी ओळ आहे," मी बोट ठेवलं. "नवीन यादीत पहिला मिश्र, दुसरा गाय, तिसरा म्हैस. दाब."

त्यानं कळ दाबली. बाण माझ्या ओळीवर आला नाही. तिच्यावरून उडी मारून खालच्या रिकाम्या ओळीवर जाऊन उभा राहिला. त्या ओळीत काहीच नव्हतं, एक अक्षरसुद्धा नाही. आणि खालच्या चौकटीत तक्त्याचा क्रमांक दिसत होता, दोन.

प्रसन्ननं डोकं पुढे नेऊन तो आकडा पुन्हा वाचला.

"रिकामी ओळ चालतेय," प्रसन्न पुटपुटला.

"रिकामी ओळ चालत नसते, प्रसन्न. पडद्यावर दिसतेय ती फाईल वेगळी, आणि आत चालतोय तो प्रोग्राम वेगळा. आत जुनाच आहे. जुन्या यादीत म्हैस दुसरी होती."

"जुना कुठून येईल? मी परवा तुमची फाईल उतरवून घेतली. मेक चालवलं."

"मग जुना आत राहिला कसा? कुणीतरी ठेवल्याशिवाय?"

तो खुर्चीतून उठलाच. "म्हणजे मी ठेवला? मॅडम, चोराच्या उलट्या बोंबा झाल्या ह्या! तुमच्या फाईली यायच्या आधी सगळं नीट होतं. मीच आण्णांना म्हटलं होतं, की..."

"काय म्हटलं होतंस?"

तो समोरचा कीबोर्ड सरळ करू लागला.

"काय म्हटलं होतंस, प्रसन्न?"

"एवढंच म्हटलं की, मॅडमचे दीर तिकडे असतात," तो खालच्या आवाजात म्हणाला. "माझ्यावर येत होतं सगळं. मी काय करायचं होतं?"

मला रडू आलं नाही, संताप आला. दोन वर्षं या मुलानं माझ्या डब्यातली भरली वांगी खाल्ली होती. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पक्की खात्री झाली, की तोच जुना प्रोग्राम घालून मला बाहेर काढायच्या मागे आहे. त्याच्या डोळ्यांतही माझ्याबद्दल तीच खात्री दिसत होती. आम्ही एकमेकांसमोर उभे, आणि पडद्यावरचा बाण अजून त्या रिकाम्या ओळीवर.

आवाज ऐकून आण्णा आलेच होते. त्यांनी सगळं ऐकलं, हात मागे बांधून. मग त्यांचा चेहरा हळूहळू खुलला. दोघं भांडत आहेत म्हणजे दोघांतला एक नक्की चोर, एवढा सोपा हिशोब त्यांना फार आवडला असावा.

"उद्या सकाळी," ते म्हणाले, "माझ्यासमोर करायचं. दोघांनी. पहिल्यापासनं. मी इथं खुर्ची टाकून बसतो. कोण काय करतंय ते मला दिसलं पाहिजे."

शुक्रवारी खरोखरच त्यांनी आमच्या दोन टेबलांच्या मध्ये खुर्ची टाकली. मांडीवर पंचा, शेजारी पाण्याचा तांब्या. कीर्तनाला बसल्यासारखे बसले.

"प्रसन्न, तू आधी तुझं ते मेक चालव. सगळं तयार कर," मी म्हटलं. "निवडीच्या फाईलीत एक साधी ओळ टाक, म्हणजे ती तरी नक्की नव्यानं होईल."

त्यानं ओळ टाकली, मेक चालवलं. निवडीची फाईल कंपाइल झाली.

"बघितलंत आण्णा? झाली."

"बघितलं."

"आता मी माझ्या टेबलावर त्याच फाईलीत एक ओळ बदलते. म्हैस निवडली की पडद्यावर 'शेटे' असं माझं नाव यावं, एवढंच. तुम्ही माझ्या बोटांकडे बघा."

आण्णा खुर्चीसकट माझ्याकडे वळले. मी ओळ बदलली, फ्लॉपीवर घातली, फ्लॉपी त्यांच्याच हातात दिली. त्यांनी ती चार पावलं चालून प्रसन्नच्या हातात दिली. प्रसन्ननं ती आण्णांच्या डोळ्यांदेखत उतरवून घेतली, फाईल उघडून दाखवली. माझं नाव त्यात होतं.

"आता मेक," मी म्हटलं.

प्रसन्ननं मेक चालवलं. पडद्यावर एकच ओळ आली: सगळं अद्ययावत आहे, करण्यासारखं काही नाही.

"म्हणजे?" आण्णांनी विचारलं.

"म्हणजे," प्रसन्न म्हणाला, "मेक म्हणतंय, काहीच बदललेलं नाही."

"आरं आत्ता बदललं की बाईनं! माझ्यासमोर!"

"हो ना, आण्णा."

त्यानं पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. सोल्डरिंगच्या बायका उठून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

कुणाचा हात नव्हता. मी नव्हते, प्रसन्न नव्हता. आमच्या दोघांच्याही ते एकाच वेळी लक्षात आलं.

"मेक ओळखतं कसं, फाईल बदलली ते?" मी विचारलं.

"वेळेवरून. फाईल शेवटची कधी बदलली, आणि तिचं कंपाइल कधी झालं. फाईलची वेळ नंतरची असेल तर नव्यानं करायचं. आधीची असेल तर नाही."

"वेळा दाखव."

त्यानं यादी काढली. निवडीची फाईल, साडेअकरा. तिचं कंपाइल झालेलं रूप, पावणेबारा.

"हे कसं?" प्रसन्न म्हणाला. "मी आधी कंपाइल केलं. मॅडमनी नंतर फाईल बदलली. मग फाईलीची वेळ आधीची कशी? आत्ता तर बारा वाजायला आले."

"आत्ता कुठले बारा?" मी माझ्या मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. "साडेअकरा वाजून पाचच मिनिटं झालीत."

आम्ही तिघांनी एकदमच वर बघितलं. भिंतीवरचं घड्याळ बाराला पाच कमी दाखवत होतं.

"ती आण्णांची वेळ..." प्रसन्न बोलता बोलता थांबला. मग त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "आई शपथ! मीच घातली. आण्णा, मागच्या महिन्यात तुम्हीच सांगितलं होतं की वो, संगणकातली घड्याळंपण भिंतीशी जुळवून ठेव म्हणून. माझ्या संगणकात वीस मिनिटं पुढची वेळ आहे!"

"आणि माझ्या संगणकात खरी आहे," मी म्हटलं. "मी नंतर रेडिओच्या बातम्यांवर लावून घेतली. फ्लॉपीवरून नेलेल्या फाईलीवर माझीच वेळ राहते. तुझं मेक झाल्यावर वीस मिनिटांच्या आत मी काही बदललं, की तुझ्या संगणकाला ते जुनं वाटतं. ते त्याला हातच लावत नाही."

मंगळवारीही तसंच झालं होतं. प्रसन्ननं मेक चालवलं, आणि लगेच मी निवडीची फाईल सुधारली. तक्त्यांची फाईल जेवणानंतर सावकाश केली. मेकनं तक्ते नवे घेतले आणि निवड जुनी ठेवली. जुनी निवड म्हणायची, म्हैस दुसऱ्या तक्त्यात. नव्या यादीत दुसरा तक्ता गाईचा होता. बिचाऱ्या म्हशींचा काही दोष नव्हता.

प्रसन्न हसायला लागला. मीही. दारातल्या बायकांना काही कळलं नव्हतं, पण त्याही हसल्या. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं होतं, हसू आवरत नव्हतं.

आण्णा मात्र हसत नव्हते. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

"म्हणजे माझं घड्याळ चुकलं, असं म्हणता?"

"घड्याळ चुकलं नाही आण्णा," प्रसन्न घाईनं म्हणाला. "दोन वेळा झाल्या, एवढंच."

"तेच म्हणतो मी. सगळ्यांच्या संगणकात एक वेळ, आणि ह्यांच्या एकटीच्या संगणकात दुसरी. का म्हणून?" ते माझ्याकडे वळले. "बाई, तुमी का बदलली?"

"मला मिरजेची एसटी गाठायची असते, आण्णा. ती तुमच्या वेळेवर सुटत नाही."

बायका तोंडाला पदर लावून पांगल्या. आण्णांनी पंचा खांद्यावर टाकला, तांब्या उचलला आणि ते केबिनमध्ये गेले. मला वाटलं, 'चुकलं माझं' असं नाही, निदान 'बरं झालं' तरी म्हणतील. थोड्या वेळानं शिपाई निरोप घेऊन आला, की संगणकांतली घड्याळं खरी करा. भिंतीवरच्याला हात लावू नका.

प्रसन्ननं सगळी जुनी कंपाइल केलेली रूपं पुसली आणि अख्खा प्रोग्राम पहिल्यापासून तयार करायला लावला. दुपार त्यातच गेली. यंत्रात घालून बघितलं, म्हैस ती म्हैस, गाय ती गाय. निघताना तो माझ्या टेबलाशी घुटमळला.

"मॅडम, ते आण्णांना मी जे बोललो..."

"राहू दे. मीही तुझ्याबद्दल काही कमी विचार केला नव्हता."

जयसिंगपूरच्या स्टँडवर मी पेढे घेतले. एसटीत खिडकीशी जागा मिळाली. मिरजेपर्यंत मी हीच गोष्ट मनात घोळवत होते, भाऊजींना कशी रंगवून सांगायची, आण्णांचा पंचा कसा, प्रसन्नचं कपाळ कसं. पिशवीवरून मी त्यांच्यावर टाकलेली ती नजर त्यांच्या मनातून पुसून टाकायची होती.

दारातून आत पाऊल टाकलं, तर भाऊजी घरीच. एवढ्या लवकर ते कधी येत नसत. सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या.

"वहिनी, आता काळजी करू नका," मी चपला काढायच्या आतच भाऊजी म्हणाले. "उद्या तुमच्या आण्णांना सांगा, माझा दीर आता पाटण्यांकडे नाही. सकाळीच सोडून आलो."

मी पेढ्यांचा पुडा तिथेच जमिनीवर ठेवला.

"काय केलंत हे भाऊजी? अहो, घड्याळ होतं ते! नुसतं घड्याळ!"

मी सगळं सांगितलं. वाटेत ठरवलं होतं तसं रंगवून नाही, तुटक तुटक, रडत. त्यांनी नीट ऐकून घेतलं. शेवटी थोडे हसलेसुद्धा.

"परत जा," मी म्हटलं. "उद्याच जा. पाटण्यांना सांगा, गैरसमज झाला होता."

"नाही घेणार ते." त्यांनी मान हलवली. "का सोडतोस म्हणून विचारलं त्यांनी. मी भाबडेपणानं खरं कारण सांगितलं, माझ्यामुळं वहिनीवर आळ आलाय म्हणून. तर म्हणाले, अस्सं! म्हणजे तुझी वहिनी मगदूमकडे आहे होय? आजवर बोलला नाहीस ते? आणि फाटकाशी माझा डबासुद्धा उघडून बघितला."

"सोमवारी तासगावची माणसं येणार," सासूबाई एवढंच म्हणाल्या.

रविवारी आम्ही तासगावला निरोप धाडला. भाऊजींना पुढे पुष्कळ महिने काम मिळालं नाही. मग ते लांब दक्षिणेत होसूरला गेले, तिथेच राहिले, आणि त्यांचं लग्नही तिकडचं झालं. पण ते सगळं नंतरचं.

शनिवारी सकाळी संघाची माणसं आली. त्यांनी गाईचं दूध घालून बघितलं, म्हशीचं घातलं, दोन्ही मिसळून घातलं. यंत्रानं एकही चूक केली नाही. चहापाणी होऊन ती खुशीत गेली. मी माझ्या टेबलाशी आवराआवर करत होते. आण्णा आले आणि प्रसन्नची खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. आवाज अगदी मऊ होता, घरातल्या माणसाशी बोलावं तसा.

"बाई, एक ऐकलं. पाटण्यानं तुमच्या दिराला काढलं म्हणं."

"काढलं नाही, आण्णा. त्यांनी स्वतः सोडली."

"अस्सं. कधी सोडली?"

"काल."

"काल." आण्णांनी यंत्रावरून हात फिरवला. "आणि आपलं यंत्र कधी नीट झालं?"

त्यांना उत्तराची गरज नव्हती. ते उठले, खुर्ची होती तिथे सरकवून ठेवली आणि जाता जाता हसून म्हणाले,

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. न्हवं का, बाई?"